मास्तरांची हजेरी

संगणक दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना सगळं ऑफिस मास्तर म्हणायचं, पण त्यांनी कधी खडू हातात धरला नव्हता. एखादा प्रोग्राम काढायची आज्ञा टाइप केली, की यंत्र विचारायचं, सोबत हेही काढू का, आणि खाली नावांची यादी. मास्तर ती हजेरीसारखी मोठ्याने वाचायचे. एकदा न वाचता ‘हो’ म्हणून बसले होते, तर साहेबांच्या संगणकाचा पडदाच काळा पडला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. मास्तर पाणीही फुंकायचे. लोक हसायचे, हसोत बापडे.

त्या दिवशी ते टेलिफोनवरच्या ताईंच्या टेबलाशी होते. ताईंना दिसत नाही. संगणकातला एक आवाज पडद्यावरचं सगळं त्यांच्या कानात वाचतो; त्या आवाजाचं नाव मैना. अकरा वर्षं ताईंची नोकरी मैनेच्या जिवावर चालली होती.

नंबर शोधायचा नवा प्रोग्राम आला होता, जुना काढायचा होता, आणि तो काही हलेना. तीनदा काढला, तीनदा अडला. तक्रारीच्या ओळी नीट वाचल्यावर मास्तरांना कळलं, की हा शहाणा जाण्याआधी एका सोबत्याला थांबवायला बघतोय, आणि तो सोबती केव्हाच काढून टाकलेला. मास्तरांनी त्या सूचनेची ओळ खोडली. गडी मुकाट्याने गेला.

मागे उरली यादी: ‘आता कोणालाच नको असलेले’ एकेचाळीस.

“हो म्हणा आणि मोकळे व्हा,” साहेब दारातून म्हणाले.

मास्तर वाचू लागले. ताई गालात हसत होत्या. एकोणतिसाव्या नावाला हसू थांबलं.

“काय म्हणालात?”

“मैना.”

जुन्या प्रोग्रामनेच तिला सोबत आणलं होतं. तो गेला, म्हणून यंत्राच्या लेखी ती बिनकामाची. ती इंटरनेटवरच्या ज्या भांडारातून उतरवून घेतली होती, तेही बंद पडलेलं. गेली असती तर गेलीच होती.

“माझ्या लेकीपेक्षा जास्त बोलते हो ती माझ्याशी,” ताई म्हणाल्या.

मास्तरांनी यादीला ‘नाही’ म्हटलं, मैनेला राखायची एक ओळ टाइप केली आणि हेडफोन ताईंच्या हातात दिला.

“मैना, मुद्दाम ठेवलेली,” ताईंनी ऐकून सांगितलं. “स्वतःच म्हणतेय.”

मग मास्तरांनी हजेरी पहिल्यापासून घेतली. आता अडतीसच, मैनेने तिला लागणाऱ्या दोन सोबतिणींनाही वाचवलं होतं. साहेब दारात उभे राहून ऐकत होते. मैनेची जागा आली तेव्हा मास्तर जरा थांबले.

ताई हळूच म्हणाल्या, “हजर.”