आम्ही नाइटक्लब बघून येतो

पुण्यातले नाइटक्लब दुपारी चार वाजता बंद असतात, ही माहिती मला कुणीही दिली नव्हती.

सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या माणसाला ती असायचं कारणही नाही. पण आमची ईशा बंगळुरात नोकरी करते. तिला पुण्यातल्या एका कंपनीनं बोलावलं, तर फोनवर म्हणाली, "बाबा, पुण्यात नाइटलाइफच नाही रे. कंटाळून मरेन मी." ज्या गावानं लहानाची मोठी केली, त्याच्याविषयी हे! मी भयंकर संतापलो. पण खरं सांगायचं तर संतापापेक्षा भीती जास्त होती. ती परत आली नाही, तर घरात मी, ही आणि टीव्ही एवढेच उरणार होतो.

रविवारी ती येणार होती. तिला शहरातल्या उत्तम क्लबात न्यायचं मी ठरवलं. आता आमच्या घराण्यात मी आधी बघून आल्याशिवाय कुठलंही मंगल कार्यालय ठरत नाही. (तीन कार्यालयांचे मालक मला पाहून अजूनही आत जातात.) मग नाइटक्लब तरी न बघता कसा ठरवायचा?

हिला घेऊन निघालो. पहिल्या बारमध्ये गाणी जरा हळू लावा म्हणालो, तर वेटरनं हसून शेंगदाणे आणून दिले. दुसऱ्या ठिकाणी इतका अंधार होता, की ही एका अनोळखी तरुणाशेजारी जाऊन बसली आणि तो मीच आहे असं समजून त्यालाच गुडघेदुखी सांगत राहिली. त्यानंतर "अहो, तुम्हीच बघा काय ते," म्हणून हिनं घर गाठलं.

म्हणून बाणेरच्या एका नव्या क्लबात दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मी एकटाच गेलो. अंगात पांढरा शर्ट, खिशाला पेन, काखेत रेक्झिनची बॅग. शटर अर्धं वर होतं, वाकून आत शिरलो. खुर्च्या टेबलांवर उलट्या. मॅनेजर धावत आला. मी नेहमीच्या पद्धतीनं सुरुवात केली. जनरेटर आहे का, आग विझवायची सोय कुठे, मुदपाकखाना दाखवा. मागच्या दारापाशी खोकी रचलेली पाहून मात्र माझा तोल गेला. उद्या काही झालं तर माणसांनी जायचं कुठून, असं त्याला चांगलं खडसावलं. त्यानं थंडगार लिंबू सरबत दिलं, दोनदा खुर्ची पुसली. बाणेरला इतकी अदब शिल्लक आहे, हे पाहून मला भरून आलं. निघताना म्हणालो, "रविवारी संध्याकाळी परत येतोय. तेव्हा सगळं व्यवस्थित दिसलं पाहिजे."

रविवारी ईशाला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन गेलो. आत मस्त गाणी चालू, पोरं नाचतायत. ईशाचा चेहरा खुलला. तेवढ्यात मॅनेजरनं मला पाहिलं.

गाणी थांबली. पांढरे दिवे लागले. वेटर टेबलाटेबलावर जाऊन पिणाऱ्यांचं वय आणि परवाना विचारू लागले. दोघांनी आग विझवायची लाल नळकांडी आणून नाचायच्या जागेच्या मधोमध ठेवली. मॅनेजर हात जोडून म्हणाला, "साहेब, सगळं नियमात आहे. मागचं दारसुद्धा मोकळं केलंय."

त्या मोकळ्या दारातूनच निम्मी गिऱ्हाइकं बिल न देता पसार होत होती!

"बाबा, तू यांना काय सांगितलंस?" ईशा म्हणाली. "यांना वाटतंय तू सरकारी इन्स्पेक्टर आहेस."

मी उसळलो. आयुष्यभर बँकेत सचोटीनं नोकरी केलेल्या माणसाला इन्स्पेक्टर समजता? मी फक्त मुलीसाठी जागा बघायला आलो होतो, हे मी त्याला ठणकावून सांगितलं. त्यानं रिकाम्या टेबलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, निघा आता," तो म्हणाला. साहेबाचा काका व्हायला एक वाक्य पुरलं.

रिक्षात बसलो. एक तर आपण चांगलं करायला जावं आणि वर हे! मुलगी कायमची गेली, हे मला कळून चुकलं होतं. शेजारी ती हुंदके देतेय असं वाटलं म्हणून वळून पाहिलं, तर पोट धरून हसत होती.

"येते मी पुण्याला," डोळे पुसत ती म्हणाली. "पण एका अटीवर."

ती आली. आता मैत्रिणींना सांगते, की पुण्यातलं नाइटलाइफ झकास आहे. ते तसं राहावं म्हणून मी दर शनिवार-रविवारी संध्याकाळी घरात बसून असतो.