खोकणारं भूत

इमारतीत त्याला सगळे हाडमोडे म्हणत, आणि त्यात कुणाची काही चूक नव्हती. भुताखेतांच्या सिनेमांना आवाज पुरवणं हा त्याचा धंदा. पडद्यावर कुणाची मान मुरगळली की इकडे स्टुडिओत हा माइकसमोर गाजर मोडणार. भाजीवाली त्याला लांबूनच विचारायची, "या! आज किती खून?" मग हा एकेक गाजर कानाशी धरून वाकवून बघायचा. तीस वर्षांत शेकडो माणसं मारली पठ्ठ्याने, आणि मेलेल्यांची भाजी बायकोने घरी परतून वाढली.

दोन महिन्यांपूर्वी त्याचे वडील गेले. ह्याच्या डोळ्यातून टिपूस नाही. चौथ्या दिवशी गाजरं घेऊन कामावर हजर! जिन्यात कुजबुज झाली, "भुतांत राहून काळीज दगडाचं झालंय हो." बाबांच्या चपला मात्र त्याने गुपचूप स्टुडिओत नेल्या आणि पावलांच्या आवाजांसाठी मांडणीवर ठेवलेल्या साठ जोडांत लपवल्या. मोठ्या बहिणीला बाबांच्या सगळ्या वस्तू कुणा गरजूला द्यायच्या होत्या. तिने विचारलं तेव्हा "हरवल्या" म्हणून मोकळा झाला.

आणि नेमका सिनेमा आला तो असा: मेलेला बाप जिना चढून लेकीच्या दाराशी येतो. पावलं ह्याने वाजवायची. ह्याने जाडजूड बूट घातले, ओलं पोतं ओढलं, साखळी खुळखुळवली. दिग्दर्शक ह्याच्या मुलाच्या वयाचा. तो नुसती मान हलवी.

"काका, हा बाप वाटत नाही. कपाट उचलून आणणारा हमाल वाटतो. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर तयार आवाज लावतो मी."

तीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. हाडमोड्याचं तोंड उतरलं.

तेवढ्यात त्याचा विसरलेला चष्मा घेऊन ताई आली, आणि तिची नजर थेट मांडणीवर!

"हरवल्या होत्या ना रे? लबाडा!"

"ताई, ओरडायचं ते नंतर ओरड. आधी दे त्या इकडे."

त्याने चपला चढवल्या. डाव्या चपलेचा पट्टा सैल, म्हणून बाबांचा डावा पाय घासत यायचा. ठप, सर्र. ठप, सर्र. दाराच्या तीन पावलं अलीकडे बाबा खोकायचे. तो खोकलाही ह्याने नकळत खोकून टाकला.

काम झालं तसा तो गॅलरीत गेला, सिगारेट पेटवली. ताई शेजारी उभी राहून चपलांवरून पुन्हा सुरू होणार, तोच दिग्दर्शकाने आत आवाज मोठा करून लावला.

ठप, सर्र. ठप, सर्र. खोकला.

पन्नाशी उलटलेल्या हाडमोड्याने सिगारेट कुंडीत खुपसली आणि हात पाठीमागे घेऊन ताठ उभा राहिला. ताई तर ओरडलीच, "बाबा, तो नाही ओढत! मित्राची आहे ती!"

दोघं एकमेकांकडे बघून अशी हसली, की ताईला कठडा धरावा लागला.

"गाढवा, त्यांना माहीत नव्हतं होय?" ती डोळे पुसत म्हणाली. "उगाच कशाला खोकतील? दमा होता का त्यांना? तुला विझवायला वेळ मिळावा म्हणून खोकायचे. नंतर हळूच मला विचारायचे, 'विझवली का गं त्याने?'"

हाडमोडे मटकन खाली बसला. इतकी वर्षं लोकांना हुंदके पुरवले, पण स्वतःचा आला तो अगदीच बेसूर, नाकातून. ताई त्याच्या पाठीवर थोपटत राहिली.

दिग्दर्शक धावत आला. "काका, पावलं एकदम फक्कड! फक्त खोकला काढून टाकू. भुताला कसला आलाय खोकला?"

"तो राहणार," हाडमोड्याने बाहीला नाक पुसलं. "लेकीला दचकवायला नाही आलेला तो. आधी कळवतोय."

ताईने चपला उचलल्या. हाडमोडे घाईने उठला. पण तिने त्या धूळ झटकून पुन्हा मांडणीवर ठेवल्या.

"पट्टा तेवढा शिवू नकोस हं," ती म्हणाली.