दोन स्कूटरींना आवतण

अमरावतीहून निघालो तेव्हा पाऊस बारीक होता, पण थांबण्याच्या बेतात नव्हता. दोन इलेक्ट्रिक स्कूटर होत्या. पुढची शाहीनची. मागची तिच्या शाळेतल्या एका बाईंची, मला काही दिवसांसाठी मिळालेली. शाहीन अमरावतीत गणित शिकवते. पुण्यात शिकत होती तेव्हा वर्षभर आमच्या घरी राहिली, तेव्हापासून मला ताई म्हणते.

प्रवासाचं कारण तिच्या वडिलांचा डोळा. करीमचाचांचा डावा डोळा लहानपणीच तुरीचा खुंट लागून गेला. उजव्यात आता मोतीबिंदू पिकला आहे. आणखी थांबू नका, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्या तारखेला चाचा एसटीत बसले आणि मूर्तिजापूरला उलट्या करत उतरून परत गेले. बंद गाडीत त्यांना बसवतच नाही. दुसऱ्या तारखेला ते घरातूनच निघाले नाहीत. तिसरी तारीख नेमकी पोळ्याची आली. शाहीनने ठरवलं, या वेळी त्यांना उघड्यावरून न्यायचं, स्कूटरवर मागे बसवून. सामान माझ्याकडे, आणि एक गाडी अडली तर दुसरी हाताशी.

निघण्यापूर्वी तिने मला फाटकाशी उभं केलं.

"ताई, ही गाडी आवाज करत नाही, पण मूठ पिळली की उडी घेते. ओल्या रस्त्यावर हळूच पिळायची. दोन्ही ब्रेक सोबत, तेही हळू. पांढऱ्या पट्ट्यावर चाक घालू नका, घसरतं. पाणी दिसलं की आधीच सावकाश व्हायचं. शिरल्यावर ब्रेक दाबून उपयोग नाही."

"आणि समोरचा ट्रक?"

"त्याला पुढे जाऊ द्यायचं. आपल्याला अकोल्यात पोहोचायचं आहे, त्याच्या आधी नाही."

बडनेऱ्याला चहासाठी थांबलो. टपरीवर रेल्वेतून ड्यूटी संपवून आलेले एक गृहस्थ स्कूटरकडे बराच वेळ बघत होते.

"मॅडम, पाण्यात करंट नाही मारत का हे?"

"मारते ना भाऊ," शाहीन म्हणाली. "तुमाले पायजे का?"

टपरी हसली. त्यांनी पाय मात्र मागे घेतले.

बडनेऱ्यानंतर हमरस्ता रुंद होतो. ट्रक गेला की पाण्याची चादर अंगावर येत होती, तेवढा वेळ समोरचं काही दिसत नव्हतं. आम्ही दिवे लावून डाव्या अंगाने चाललो. दोन्ही बाजूंना सोयाबीन पाण्यात उभं होतं, खालची पानं पिवळी पडलेली. कपाशी गुडघ्याएवढीच राहिली होती. एका वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) एक जोडपं छत्री धरून उभं होतं. पाणी काढायला त्यांनी चर खणला होता आणि तोही भरला होता.

मूर्तिजापूरच्या अलीकडे डावीकडे वळलो. शेवटचा तुकडा कच्चा आहे. काळी माती टायर आणि मडगार्डच्या मधे भरत गेली आणि माझं पुढचं चाक फिरायचं थांबलं. शाहीनने डिकीतून बाभळीची चपटी काडी काढली. चिखल खरवडायचा, गाडी थोडी ढकलायची, पुन्हा खरवडायचा. अशा रीतीने आम्ही गावात शिरलो.

करीमचाचा ओट्यावर उभे होते. उंच, सडपातळ, डोक्यावर विणलेली टोपी. आवाजाच्या दिशेने मान वळवून त्यांनी विचारलं, "बेटा, दोघी आल्या ना? हातपाय धुवा. भाकरी गरम हाय."

वांग्याची भाजी, ठेचा आणि ज्वारीची भाकर. भाकरी शेजारच्या वच्छलाबाईंनी थापून दिल्या होत्या. शाहीनची आई गेल्यापासून दोन्ही घरांत असंच चालतं.

जेवताना उद्याचा विषय निघाला.

"पोयाच्या दिशी घर सोडू का मी?" चाचा म्हणाले.

"अब्बा, बैल विकले आपण. पोया काहाचा?"

चाचांनी पुढचा घास केला नाही. बैलजोडी उन्हाळ्यात गेली होती. चारा महाग झाला होता, नांगरटी भाड्याच्या ट्रॅक्टरवर होत होती, आणि न दिसणाऱ्या माणसाला बैल आवरणं जड जात होतं. गावात आणखी बऱ्याच घरांत तसंच झालं होतं. हे घर मुसलमानाचं. पण या गावात पोळ्याच्या तोरणाखाली करीमभाऊची जोडी नेहमी पुढे असायची, असं वच्छलाबाईंनी मला सांगितलं.

"पाहू सकायी," एवढंच चाचा बोलले. मागच्या तारखेलाही ते हेच म्हणाले होते, असं शाहीन मला नंतर म्हणाली.

स्कूटर गोठ्यात लावल्या. कोरडी जागा तीच, आणि कडबाकुट्टीच्या (चारा कापायच्या) यंत्राचा भक्कम बोर्डही तिथेच. चार्जरची पिन खुपसण्याआधी शाहीनने ती जागा कोरड्या फडक्याने दोनदा पुसली. चाचा दारात उभे राहून ऐकत होते.

"काय खाऊन राहिल्या त्या?"

"लाइट."

"कधीलोक?"

"पहाटेपर्यंत."

"मंग बैलापरीस हावऱ्या हाय."

दिवेलागणीला चाचा वाटी घेऊन गोठ्यात गेले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. वर्षभर जू वाहिलेला खांदा मऊ करायचा असतो. त्याला खांदमळण म्हणतात. मग बैलांना आवतण (जेवणाचं आमंत्रण) देतात. चाचांचा आवाज ओट्यापर्यंत आला: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ते रिकाम्या गव्हाणीशी बोलत असावेत, असं मला वाटलं. शाहीनने ऐकलं आणि भांडी घासायला घेतली.

सकाळी पाऊस वाढला होता. शाहीन स्कूटर गोठ्याबाहेर काढू लागली. उंबरठ्याच्या उतारावर तिचा हात मुठीवरून सटकला, गाडी सुटली आणि समोरच्या कडब्याच्या पेंढ्यांत शिरून थांबली. मी माझ्या गाडीचा ब्रेक धरायला गेले, तर बोटं दांडीवरून निसटली. तळव्याला पिवळं लागलं. वास साजूक तुपाचा.

"अब्बा!" शाहीन ओरडली. "मुठीले तूप काहून लावलं?"

चाचा ओट्यावरून खाली आले. अंगात धुतलेला कुडता, हातात पिशवी.

"खांदा समजून लावलं वं."

"हा खांदा हाय? ब्रेकलेई लावलं! पुलावर हात सटकला असता तं?"

"मले काय मालूम तिचा खांदा कुठी असते. दिसत तं नाही. चाचपून पाह्यलं. जिथी माणूस जोर देते, तिथी लावलं."

शाहीनचं लक्ष त्यांच्या पिशवीकडे गेलं.

"कुठी चालले?"

"अकोल्याले. रातीच आवतन देलं दोघीईले. आता त्याईच्यावर बसाले भेव काहाचं?"

शाहीन वळली आणि चुलीवर पाणी तापवायला आत गेली. यायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

गरम पाणी, राख, कपडे धुवायची पावडर. मुठी आणि ब्रेकच्या दांड्या बोट घासल्यावर करकर वाजेपर्यंत धुतल्या, कोरड्या केल्या. चाकांतल्या ब्रेकच्या चकत्यांना तूप लागलं नव्हतं, तेही तिने वाकून पाहिलं. मग अंगणात गाडी हातांनी ढकलत दोन्ही ब्रेक तपासले. वच्छलाबाई पुरणपोळ्यांचं गाठोडं घेऊन आल्या होत्या.

"करीमभाऊ, शिंगं नाही रंगोले का?"

"आरसेच शिंगं हाय त्याईचे, वहिनी!"

गाव सोडल्यावर थोड्याच अंतरावर रपटा (नाल्यावरचा ठेंगणा पूल) लागतो. काल येताना तो उघडा होता, आज त्यावरून गढूळ पाणी वाहत होतं. शाहीनने लांबूनच वेग उतरवला, गाडी उभी केली.

"काय झालं?" चाचा म्हणाले.

"पाणी हाय."

"किती?"

"खालची सडक दिसत नाही."

"चाल, निंगून जाईन. माही जोडी तं पोटापर्यंत पाण्यातून निंगे."

शाहीनने चावी फिरवून काढली आणि पर्समध्ये टाकली.

"बैलाले समजे कुठी पाय टाकाव. इले समजत नाही, अब्बा. इच्या बदल्यात मलेच समजून घ्या लागते."

"दवाखाना बंद झाला तं?"

"तं चौथी तारीख घेऊ."

चाचा खाली उतरले. बाभळीखाली दगडावर प्लास्टिक अंथरून आम्ही बसलो. पाऊस ओसरला, पाणी ओसरेना. शाहीन मोबाइलमधली वेळ बघे आणि रपट्याच्या काठाचा पांढरा दगड बघे. चाचांनी गाठोडं सोडलं. पुरणपोळीचे दोन तुकडे केले, चाचपडत जाऊन एकेक दोन्ही स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागेवर ठेवला.

"आवतन देलं होतं," ते मला म्हणाले, जणू मी हरकत घेतली होती.

माझ्या स्कूटरवरचा कावळ्याने नेला. "ठीक हाय," चाचा म्हणाले, "कोनाच्या तरी पोटात गेला."

पांढरा दगड पूर्ण उघडा पडला, मग दोन्ही कडा, मग मधली सडक. तेव्हाच शाहीनने चावी लावली. पलीकडे गेल्यावर तिने ओले ब्रेक हलके दाबत गाडी थोडी चालवली, मलाही तसं करायला लावलं. चाचा तिच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून बसले होते. बोरगाव मंजूच्या वळणावर त्यांनी जीभ टाळूला लावून बैलांना करतात तसा आवाज केला. शाहीनचं हेल्मेट हसण्याने हललं.

अकोल्यात पोहोचलो तेव्हा नोंदणीची खिडकी बंद व्हायला आली होती. नर्स म्हणाली, "काका, लय उशीर केला." चाचा म्हणाले, "पोरगी सावकाश चालवते." तक्रार वाटावी असं ते वाक्य होतं. त्यांनी ते ताठ मानेने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. दिवसभर डोळ्यावर पट्टी होती, तेवढा वेळ त्यांना दोन्ही डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. शाहीनने हात सोडला नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली. काळा चष्मा लावून ते दवाखान्याच्या आवारात आले. आधी लेकीच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. "वाळली तू," म्हणाले. मग स्कूटरकडे.

"हे निळी हाय? म्या तं कायीभोर समजलो होतो."

चाचांना तपासणीसाठी अजून अकोल्यातच थांबायचं होतं, म्हणून मी एकटी परत निघाले. मूर्तिजापूरला एका धाब्यावर चार्जिंग केलं. पाऊस सोबत होताच. कुठलंही डबकं दिसलं की हात आपोआप मूठ सैल सोडत होता, आणि रपट्याच्या त्या वाटेचा फाटा गेला तेव्हा मी जरा जास्तच सावकाश होते. मुठीच्या रबराच्या खाचांत हळद राहिली होती. राखेनेही ती गेली नव्हती.

अमरावतीत स्कूटर शेडमध्ये लावली, पुसली. फोन वाजला. नंबर शाहीनचा, आवाज चाचांचा.

"पोहोचल्या का बाई?"

"आत्ताच. शाहीन कुठे आहे?"

"बाहेर गेली चहा आनाले. मोबाइल इथीच हाय. नंबर म्याच लावला, पाहून पाहून." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तिले जेवाले देलं का?"

चार्जर अजून पिशवीतच होता. मी म्हटलं, "देते, चाचा," आणि पिन खुपसण्याआधी जागा फडक्याने दोनदा पुसली.