ढमीच्या नावाचं कार्ड

अलीमियाँ घरी आले की पहिली पंधरा मिनिटं विम्याचा शब्द काढायचे नाहीत. चपला दाराबाहेर भिंतीला लावून ठेवायच्या, पंख्याखालची खुर्ची सोडून दाराजवळच्या खुर्चीत बसायचं, बॅग पायाशी सरकवायची, आणि मग विचारायचं, "काय ओ वैनी, ढमी कुठाय?"

ढमी म्हणजे आमची अंतरा. तीन वर्षांची असताना तिच्या शिक्षणाची पॉलिसी त्यांनी काढून दिली, तेव्हा ती खरोखरच ढमी होती. आता बारा वर्षांची, काडीसारखी, मैत्रिणींशी सगळं इंग्रजीत बोलणारी. मी चारचौघांत त्या नावाने हाक मारली तर डोळे वटारते. अलीमियाँनी मारली तर नुसतं "काकाऽ" म्हणून हसते.

मूळचे ते हर्णैचे. तेवीस वर्षांपूर्वी इथे मस्कतला एका कापडदुकानात लागले, दुकान बंद झाल्यावर विम्यात आले. मत्रहला सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या मागे, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. बायको गुलबानू, आणि बारावीतली मुलगी महेक. शुक्रवारी रुसैलच्या कामगारांच्या कॅम्पात जायचे, खाटेवर बसून कुणाचा बँकेचा, कुणाचा पासपोर्टचा फॉर्म भरून द्यायचे. चार शुक्रवार असे गेल्यावर पाचव्या शुक्रवारी एखादा आपणहून विचारायचा, "चाचा, तुमचं ते विम्याचं काय असतं?" हीच त्यांची पद्धत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे मराठी कॅलेंडर घेऊन यायचे, खालच्या कोपऱ्यात त्यांच्या नावाचा आणि नंबरचा निळा शिक्का. एकादशी कधी आहे हे मी नऊ वर्षं त्यांच्या कॅलेंडरात बघत आले.

गेल्या वर्षी त्यांच्या कंपनीत नवा मॅनेजर आला आणि त्याने नियम काढला. वर्षाला तीस नव्या पॉलिसी, नाहीतर करार खलास. व्हिसा कंपनीचा. तो गेला की गुलबानूचा आणि महेकचाही गेला. महेकची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होणार, सेंटर इथलंच. "मधेच उचलून पोरीला कुठल्या शाळेत घालू वैनी?" ते म्हणाले. तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि त्यांच्या पॉलिसी झाल्या होत्या अकरा.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा राजीव आमच्याकडेच थालीपीठ खात बसला होता. राजीव हा माझ्या नवऱ्याचा, सलीलचा, पुण्यापासूनचा मित्र. मराठी मंडळाचा सेक्रेटरी. छपाईच्या कंपनीत नोकरी, आणि बाजूने स्वतःचं काहीतरी चालू असायचंच.

"अलीमियाँ, तुम्ही अजून उन्हात फिरताय?" तो म्हणाला. "आता लीड, म्हणजे गिऱ्हाइकांची नावं, विकत घ्यायची असतात. आम्ही हजार पत्रं टाकणार, पोस्ट बॉक्समध्ये. मुलांचं शिक्षण, भविष्य, अशी छान भाषा. खाली एक कार्ड. ज्याला खरंच विमा हवाय तो नाव, फोन, मुलाचं वय भरून कार्ड परत पाठवणार. ते कार्ड तुमचं. एका कार्डाला चार रियाल."

"आणि पॉलिसी झालीच नाही तर?" मी विचारलं.

"तर चार रियाल गेले. बरं वाटलं नाही म्हणून डॉक्टर फी परत देतो का गं?"

अलीमियाँनी एकच गोष्ट विचारली. "तीच कार्डं दुसऱ्या कुणाला नाय ना देणार?"

"तुमची म्हणजे तुमचीच."

ते माझ्याकडे बघायला लागले. मी तव्यावरचं थालीपीठ उलटता उलटता म्हणाले, "राजीव आमच्या घरचाच आहे हो."

"वैनी म्हणतात म्हणजे झालं," ते म्हणाले आणि पन्नास कार्डं सांगून गेले.

इथे पोस्टमन दारात येत नाही. बहुतेकांचा पत्ता म्हणजे नवऱ्याच्या ऑफिसचा पोस्ट बॉक्स. आठवड्यातून एकदा सलील तिथून आमचं टपाल आणतो. त्या महिन्यात त्याने बँकेची पाकिटं आणली, पिझ्झाची पत्रकं आणली, एका दाताच्या दवाखान्याचं निमंत्रणसुद्धा आणलं. राजीवचं पत्र काही आलं नाही. मला वाटलं, आमची पॉलिसी आहेच, आम्हाला कशाला पाठवतील.

त्यानंतर तीन आठवडे अलीमियाँ फिरकले नाहीत. मी फोन केला तर, "आहे वैनी, चाललंय," एवढंच. आवाज जरा आखडलेला वाटला. कामात असतील म्हणून मी सोडून दिलं.

मग एका शनिवारी सकाळी आले. आल्याआल्या ढमीला विचारलं नाही. पाणी प्यायले आणि म्हणाले, "काल इब्रीला गेलो होतो. तीन तास जायला, तीन तास यायला."

इब्रीला चिन्मय म्हणून मंडळाचा एक सभासद आहे, तिथल्या प्रकल्पावर इंजिनियर. गणपतीला तेवढा मस्कतला येतो. त्याच्या नावाचं कार्ड अलीमियाँना मिळालं होतं.

"कार्डावर लिहिलेलं, मूल चिऊ, वय सहा. मी म्हटलं, बापाने प्रेमाने लिहिलंय. प्रकल्पावर विचारून घर शोधलं. दार उघडल्यावर मी म्हटलं, 'चिऊराणी कुठाय?' तुमच्याकडे विचारतो तसं. त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, 'माझ्या मुलीचं घरचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?' मी कार्ड दाखवलं. म्हणे, 'मी असलं कार्ड भरलेलं नाही. आधी दोन एजंटांचे फोन येऊन गेले, आता तुम्ही घरापर्यंत आलात. किती दिवस पाळत ठेवताय?' पाळत म्हणाला, वैनी. मग माझ्या ओळखपत्राचा फोटो काढला. दारातच उभा ठेवून."

मी चहा ठेवायला उठले. तर म्हणाले, "चहा नको. एक विचारायचं होतं." आणि खिशातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कडा मऊ झाल्या होत्या, खूप दिवस खिशात असल्यासारख्या.

त्यावर माझं नाव होतं. सलीलच्या ऑफिसचा बॉक्स नंबर, माझा मोबाइल. मूल: ढमी. वय: बारा.

"पहिल्याच गठ्ठ्यात होतं. मला वाटलं, वैनींना आता माझ्याकडून नको. तोंडावर सांगायला संकोच वाटला असेल, म्हणून पोस्टाने कळवलं. नऊ वर्षं झाली, माणूस कंटाळतो. मी म्हटलं, विचारायचं नाय. पण काल त्या माणसाने विचारलं तेव्हा वाटलं, आपण पण विचारूया."

म्हणजे मी त्यांना टाळते आहे, हे कळायला अलीमियाँनी चार रियाल मोजले होते, आणि तीन आठवडे ते कार्ड खिशात घेऊन फिरत होते.

"अलीमियाँ, मी हे भरलेलं नाही," मी म्हणाले. "बाकीची कार्डं बघू."

त्यांनी बॅगेतून गठ्ठा काढला. सगळी कार्डं एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताने भरलेली. गोट्या, बाब्या, छोटी, सोनपरी. विम्याच्या कार्डावर मुलाचं घरचं नाव कोण लिहितं? आणि ही नावं एका जागी फक्त एकीनेच लिहिली होती. मी.

गणपतीत मंडळाच्या मुलांचे कार्यक्रम माझ्याकडे असतात. त्या वर्षी बक्षिसांच्या चिठ्ठ्यांवर घरची नावं घालायची मला हौस आली. स्टेजवरून "बाब्या" म्हणून पुकारलं की सगळा हॉल हसतो. म्हणून मी घरोघरी फोन करून यादी केली होती. आईवडिलांची नावं, फोन, बॉक्स नंबर, मुलाचं वय, घरचं नाव. कार्डंसुद्धा त्याच क्रमाने होती. चिऊ खरी पाच वर्षांची. तिला मोठ्या गटात नाचायचं होतं, म्हणून तिच्या आईच्या आग्रहावरून मीच सहा लिहिलं होतं. ते खोटं वय जगात दुसरीकडे कुठेही नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी राजीवने ती यादी मागितली होती, दिवाळीच्या खाऊच्या पिशव्या करायला. मी लगेच पाठवून दिली. पिशव्या काही आल्या नाहीत.

मी अलीमियाँसमोरच राजीवला फोन लावला.

"राजीव, पत्रं किती टाकलीस?"

"कसली पत्रं?"

"हजार म्हणाला होतास."

"अगं नूतन, या देशात पत्राला उत्तर कोण देतं? ऑफिसच्या बॉक्समध्ये पडतात, तिथूनच कचऱ्यात. दीडशे टाकून बघितली. एक कार्ड परत आलं, तेही शिव्या लिहून."

"मग ही कार्डं?"

"माहिती खरी आहे ना? माणसं खरी, मुलं खरी, फोन खरे. मी फक्त मधला पोस्टाचा खेळ काढून टाकला."

"आणि ती दुसऱ्या दोघांना विकलीस."

"तिघांना. धंद्यात सगळंच कोणी सांगत बसत नाही."

"ती यादी मुलांच्या बक्षिसांची होती रे."

"मंडळाची होती. आणि पाठवली कुणी? तुझा मेल आहे माझ्याकडे." मग अगदी गोड आवाजात म्हणाला, "आणि 'राजीव घरचाच' म्हणून अलीमियाँची खात्री कुणी पटवली? मी तर थालीपीठ खात होतो."

मी फोन ठेवला. अलीमियाँनी गठ्ठ्याला रबरबँड लावला, माझं कार्ड मात्र टेबलावरच ठेवलं. "हे तुमचं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अलीमियाँच्या ओळखपत्राचा फोटो आला, खाली त्यांचा नंबर. चिन्मयने लिहिलं होतं, हा माणूस मुलांची घरची नावं घेऊन दारात येतो, सावध राहा, मी त्याच्या कंपनीकडे तक्रार केली आहे. त्याखाली राजीवचं उत्तर: "धन्यवाद चिन्मय. मंडळातर्फे तीव्र निषेध. अशा व्यक्तीला कुणीही दारात उभं करू नये. सेक्रेटरी." ते मी दोनदा वाचलं.

दुपारी गुलबानूचा फोन आला. रडत नव्हती, पण बोलताना सारखी थांबत होती. मॅनेजरने अलीमियाँना काम बंद ठेवायला सांगितलं होतं. तक्रार खरी ठरली तर डिसेंबरपर्यंतही थांबणार नाहीत, याच आठवड्यात व्हिसा रद्द. "महेकला अजून सांगितलं नाही," ती म्हणाली. "प्रॅक्टिकलची वही पुरी करत बसली आहे."

संध्याकाळी सलीलला सांगितलं, मी ग्रुपवर लिहिणार आहे.

"लिहू नकोस. मी राजीवशी बोलतो, मिटवू."

"मिटवू म्हणजे काय करणार?"

"अगं, वीस वर्षांचा मित्र आहे तो. आणि यादी तुझी होती, तुझंच नाव खराब होईल."

"माझं खराब होईल. अलीमियाँचं झालंय."

त्याने टीव्हीचा आवाज तेवढा कमी केला.

मी लिहिलं: घरच्या नावांची यादी मी केली, मीच राजीवला पाठवली. राजीवने त्यावरून कार्डं भरून ती चार एजंटांना विकली. अलीमियाँनी ती खरी समजून पैसे देऊन घेतली. त्यांची काही चूक नाही. माझी आहे.

दोनशे बारा लोकांनी वाचलं. तासभर कुणीही काही लिहिलं नाही. मग एकीने विचारलं, "म्हणजे आमचाही नंबर गेला का?" राजीवने लिहिलं, "गैरसमज आहे. कार्यकारिणीत बोलू." त्यानंतर कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस आला आणि एकामागून एक केकची चित्रं पडायला लागली.

चिन्मयचा तेवढा फोन आला. म्हणाला, "त्या कार्डावर चिऊचं वय किती होतं?"

"सहा."

तो म्हणाला, "बायकोने तुम्हाला सहा लिहायला सांगितलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो." तक्रार मागे घेतो म्हणाला, आणि खरंच घेतली. "अलीमियाँना माझ्यातर्फे सॉरी सांगाल?"

"तुम्हीच सांगा ना. नंबर आहे तुमच्याकडे, ओळखपत्राच्या फोटोखाली टाकलात तो."

त्याने केला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

कार्यकारिणीची बैठक झाली. राजीव सेक्रेटरी आहे तो आहेच. नूतनताईंनी मुलांच्या कार्यक्रमांतून जरा विश्रांती घ्यावी असं ठरलं. सलीलच्या आणि राजीवच्या गुरुवारच्या बॅडमिंटनमध्ये काही खंड पडला नाही. राजीवला आत यायची गरज पडू नये म्हणून मी सलीलची रॅकेट तेवढी दारात काढून ठेवते.

अलीमियाँच्या पॉलिसी वर्षअखेर एकोणीस झाल्या. मराठी घरांतून एकही नाही, सगळ्या रुसैलच्या. कराराचं नूतनीकरण झालं नाही, पण अंगावर तक्रार नसल्यामुळे नियमाप्रमाणे नोटीस मिळाली, मार्चअखेरपर्यंत. महेकचा शेवटचा पेपर त्याच्या आठवडाभर आधी आहे. तेवढं जमलं. मग हर्णै.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते आले. बेल वाजवून दारापासून दोन पावलं मागे उभे राहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला "आत या ना" म्हणावं लागलं. त्याच खुर्चीत बसले, पण बॅग मांडीवर. कॅलेंडर दिलं. खालचा कोपरा कोरा होता.

"शिक्का नाय मारला," ते म्हणाले. "एप्रिलपासून नंबर बंद होईल. लोक उगाच फोन करतील." मग चहाचा घोट घेऊन विचारलं, "मुलगी बरी आहे ना?"

अंतरा तोवर खोलीतून बाहेर आली होती. तिने माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही मला ते... ते नाव नाही बोलला?"

अलीमियाँ कपाकडे बघत राहिले.

"आता मोठी झालीस ना बेटा," ते म्हणाले.

सप्टेंबरातही ती एवढीच मोठी होती.