तिच्या नावाने पाठवलेली ओळ

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापुढेही नाही – तिथे हात जोडते आणि दुसरंच काहीतरी मागून उठते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे हाही भित्रेपणाच, नाही का?

आमचं गाव आष्टीच्या पुढे. गावातली शाळा सातवीपर्यंत, म्हणून माझीही तेवढीच. वर्ध्याला आले ती एका दवाखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला. तिथे माझं कोणी नव्हतं. मोठा रस्ता ओलांडायचीही भीती वाटायची. कोणीतरी बाई निघाली की तिच्या मागे मागे जायची. संगीताताई त्याच दवाखान्यात नर्स होती, तात्पुरत्या जागेवर. एक दिवस ताट घ्यायला आली आणि माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "पोळीवर काऊन रडून राह्यली व? मीठ पयलेच हाये त्याच्यात." मला रडता रडता हसू आलं. त्याच संध्याकाळी तिने मला नालवाडीतल्या तिच्या खोलीवर नेलं. मग मी तिथेच राहिले.

तिचे उपकार किती सांगू? बसची पाटी वाचायला, बँकेत सही करायला, इंग्रजी अक्षरं लावायला तिनेच शिकवलं. कॉम्प्युटरही तिनेच दाखवला. स्टेशनकडच्या रस्त्यावर एक सायबर कॅफे होता, आम्ही सुट्टीच्या दिवशी जायचो. मी बटणाला बोट लावायला घाबरायची, तर तो कॅफेवाला ओरडायचा, "दाबा ना बेधडक, बॉम्ब नाई तो!" एक ओळ उचलून दुसरीकडे कशी चिकटवायची, हे ताईने शिकवलं तेव्हा मला जादू वाटली होती. ती जादू मी पुढे कशाला वापरली – येते तिथवर. थोडं थांबा.

ताईने बेंगळुरूच्या एका मोठ्या दवाखान्यासाठी अर्ज केला होता. मुलाखत नागपूरला झाली, सगळी इंग्रजीत. परत आली ती उड्या मारतच. "मंदे, एका जागी अडकली मी, पण बोलली व! मीच बोलली!" मी तिच्यासाठी शिरा केला. शिरा ढवळताना मनात एकच घोळत होतं. ही गेली तर?

पुढे तिच्या बहिणीचं बाळंतपण आलं. ताईला गावी जावं लागलं, आणि तिकडे इंटरनेट कुठलं! जाताना तिने मला तिच्या मेलचा पासवर्ड दिला. "रोज नाई, पण पाहत राहजो. बेंगळुरूचं काही आलं का शेजारच्यांच्या फोनवर कळवजो." तेव्हा सगळेच देत. त्या कॅफेवाल्याला अर्ध्या गिऱ्हाइकांचे पासवर्ड तोंडपाठ होते. पासवर्ड देणं म्हणजे शेजारणीकडे घराची किल्ली ठेवून जाण्यासारखं. किल्ली ठेवून जाणारी बाई शेजारणीला विचारते का, तू आत जाऊन काय काय करशील?

एक दिवस कॅफेत पाहिलं तर मेल आलेला. मला सगळं वाचता आलं नाही, पण निवड झाल्याचा शब्द मी ओळखला. ताईने तो कागदावर काढून दाखवला होता. येणार की नाही ते लवकर कळवा, असं खाली होतं; तेवढं अक्षरं लावत लावत कळलं.

डोळ्यांसमोर काय होतं सांगू? ती रिकामी खोली. ताईची खुंटीवरची ओढणी नाही, स्टोव्हपाशी कोणी बोलायला नाही. तिची नोकरी, तिचा आनंद, असलं काही मनातही आलं नाही – हे खरं सांगते.

मला इंग्रजीत दोन शब्द लिहिता येत नव्हते. पण ताईने पूर्वी अमरावतीच्या एका नोकरीला नकार कळवला होता, माझ्यासमोरच, मला अर्थ सांगत. पाठवलेल्या मेलमध्ये तिची ती ओळ पडून होती – घरच्या अडचणीमुळे येऊ शकत नाही, क्षमा असावी. मी ती उचलली. चिकटवली. बटण दाबलं, बेधडक. तिकडून आभाराचा मेल आला, तोही पुसला; जे जे होतं ते सगळं पुसलं. पलीकडच्या माणसांना शंका तरी कशी यावी? नाव तिचं, पासवर्ड तिचा, शब्दसुद्धा तिचेच.

ताईचा फोन यायचा. "आला काय व मेल?"

"नाई, ताई."

हे एवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी बोलले असते. पण पुढचं आहे. ती परत आली, स्वतः कॅफेत जाऊन पाहिलं, वाट पाहिली. मग म्हणाली, बेंगळुरूला फोन लावून विचारते. मी म्हटलं, "काऊन लावतं ताई? हसतील ते. येचं असतं तं आलं नसतं काय?" तिने फोन लावला नाही. पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "मायं इंग्रजीच कच्चं हाये, मंदे. त्याच्यातच मार खाल्ला मी."

आणि मी – मी मान हलवली. म्हटलं, "असन, ताई."

त्यानंतर तिने बाहेर कुठे अर्जच केला नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन बसली ती हीच. मी डोळे मिटून पडून राहायची. तिला वाटायचं, ताप आहे.

आता मी पुण्यात एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. परवा तिथल्या एका मुलीने माझ्या मोबाइलवर काहीतरी चालू करून दिलं. मी सवयीने पासवर्ड सांगायला लागले, तर तिने कानांवर हात ठेवले. "मावशी, पासवर्ड कोणालाच द्यायचा नाही! आता दुसऱ्या ॲपला आपला मेल उघडायचा असेल तर फक्त परवानगी द्यायची. पाहायची वेगळी, लिहायची वेगळी. नको वाटलं की काढून घ्यायची. वेगवेगळ्या कंपन्यांनी मिळून हे नियम केलेत." मी विचारलं, नुसती पाहायचीच परवानगी देता येते? ती म्हणाली, हो, त्यात काय एवढं. मी कणीक मळायला आत गेले. ताईनेही मला पाहायलाच सांगितलं होतं की! शब्दाने सांगितलं होतं. माणसाला तेवढं पुरायला नको होतं?

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. तिची पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला दिल्लीला अर्ज करायचा आहे, आणि ताई नको म्हणते. "आमच्या घरात इंग्रजीचं अंगच नाई व. मायासारखी तोंड पाडून येईन अन् बसन."

मी म्हटलं, "तुयं इंग्रजी चांगलं होतं, ताई."

ती हसली. "तुले काय मालूम, सातवी पास?"

मला मालूम होतं. निवड झाल्याचा तो शब्द तिच्याऐवजी मी वाचला होता.

मी म्हटलं, "असंच. वाटलं म्हणून म्हटलं."