करुणाचं इंग्रजी आणि गोसीखुर्दचं पाणी

"मॅडम, मुलाखत जवळ आली. दोन दिवस गावालेच येऊन शिकवा ना," करुणा फोनवर म्हणाली आणि मी नाशिकहून निघालेच. मी ऑनलाइन इंग्रजी शिकवते. करुणा माझी विद्यार्थिनी, पेशाने नर्स. परदेशातल्या एका इस्पितळासाठी तिची व्हिडिओवर मुलाखत होती. व्याकरण पक्कं, पण इंग्रजी वाक्प्रचार समोर आला की ती गडबडायची.

करुणाचं गाव पवनीजवळ. नागपूरहून पवनीला थेट एसटी आहे. मी मुद्दाम भंडाऱ्यावरून गेले. तिथे तर्री-पोहे खाल्ले (तर्री जपून, डोळ्यांतून धारा लागतात), पितळी भांड्यांच्या दुकानांतून हिंडले आणि पवनीची गाडी धरली. बायकांना अर्धं तिकीट. खिडकीबाहेर कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मध्येच एखादं गावतळं. पवनीच्या अलीकडे कोंढ्याच्या थांब्यावर करुणा स्कूटी घेऊन उभी होती.

तिचं घर पुनर्वसनातल्या गावात. जुनं गाव गोसीखुर्द धरणात गेलं, तेव्हा ती शाळेत होती. दारातच तिच्या बाबांनी हात जोडले, "जय भीम, मॅडम." ते आता धरणात मासेमारी करतात. जेवायला भात आणि झिंग्यांचा झणझणीत रस्सा. मग अंगणात आमचा अभ्यास.

"पीस ऑफ केक," मी म्हटलं.

"म्हणजे एकदम सोपं. डाव्या हाताचा मळ," करुणा.

"इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्स?"

"मुसळधार पाऊस."

भाजी निवडणारी तिची आई हसत सुटली. "आपल्याकडं मुसळ पडते, त्यांच्याकडं कुत्रे-मांजरी? लागत नसन का त्यायले?"

सकाळी बाबांनी आम्हाला नावेतून नेलं. इतकं पाणी मी समुद्राशिवाय कुठे पाहिलं नव्हतं. धुकं विरलं तरी पैलतीर काही दिसेना. नुसतं रुपेरी पाणी, त्यात उभी वाळलेली झाडं, प्रत्येकावर पाणकावळे. बाबांनी वल्हं थांबवलं. "याच्या खाली आपला विहार होता. तिकडं शेत."

करुणा पाण्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, 'वॉटर अंडर द ब्रिज' म्हणजे होऊन गेलं ते गेलं, आता त्याचं दुःख नाई, असं तुमी शिकवलं. पन हे पानी कुठं वाहून गेलं? इथंच तर थांबून राहिलं."

नाव हळूहळू डोलत होती.

दुपारी मुलाखत. करुणा आतल्या खोलीत, आम्ही तिघं ओसरीवर, कान देऊन. पहिल्या प्रश्नांना ती अडखळली. तेवढ्यात मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमच्या गावाबद्दल सांगा. मग तिचा आवाज आला, स्वच्छ आणि ठाम. बुडालेलं गाव, नव्याने बांधलेली घरं, त्याच पाण्यावर जगणारे बाबा. शेवटी ती इंग्रजीत म्हणाली, "लोक म्हणतात, वॉटर अंडर द ब्रिज. आमचं पाणी गेलं नाही. आम्ही त्याच्यावर नाव चालवायला शिकलो."

हे मी शिकवलेलं नव्हतंच.

"काय म्हणून राहिली ते?" आईने कुजबुजत विचारलं. मी सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला.

कुणाला गोसीखुर्दला जायचं असेल तर हिवाळ्यात जा, पहाटेच नावेत बसा, आणि घाई करू नका.

नाशिकला परतल्यावर आठवड्याभराने करुणाचा मेसेज आला: निवड झाली. संध्याकाळी तिच्या बाबांचा फोन. आधी आभार, मग बराच वेळ इकडचं तिकडचं. शेवटी म्हणाले, "मॅडम, 'तुझी आठवन येते' याले इंग्रजीत काय म्हनतात? पोरगी तिकडं गेल्यावर एखांदवेळ बोलीन म्हनलं."

"आय मिस यू."

"मिस? बस मिस होते, तसं?"

"हो बाबा, तोच शब्द."



"बरोबर हाये मंग," ते म्हणाले, आणि हळूच दोनदा घोकून पाहिलं.