हळदीवर पिळलेलं लिंबू

सयाजी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायचा. शिक्षण सहावी, पण कान तिखट. आम्ल निळा कागद लाल करतं, अल्कली लाल कागद निळा करतं, एवढं त्यानं साहेबांच्या बोलण्यातून उचललं होतं. हळदसुद्धा अल्कलीनं लाल होते आणि आम्ल पडलं की परत पिवळी, हे तर तो चाळीतल्या लोकांना करून दाखवायचा. लोक तोंडात बोट घालायचे. त्याला तेच हवं असायचं.

सत्तावन्न साली त्याच्या भाचीचं, कौशल्येचं लग्न ठरलं. मुलगी चाकणजवळच्या खेड्यातली, मुलगा दिघीचा. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. पांढऱ्या लुगड्यातल्या कौशल्येला त्यांनी हळदीनं माखली. तिची आई रतनबाई परसात धुण्याच्या सोड्यानं भांडी घासत होती. पोरीला हळद लागली म्हटल्यावर तिला कुठला दम! ओल्या हातांनीच धावत आली आणि लेकीला पोटाशी धरलं. हात काढला तर खांद्यावर पाच बोटं उमटलेली. लालभडक!

"अगं बया, रगात!" मुलाची आत्या अंबुबाई किंचाळली.

वास्तविक सयाजीनं एक वाक्य बोलायचं होतं. पण एवढ्या बायका एका जागी कधी मिळणार? "थांबा आत्याबाई, गंमत बघा," म्हणत तो पुढं झाला आणि त्यानं त्या डागावर लिंबू पिळलं. लाल बोटं पिवळी झाली.

हळद, लिंबू आणि नवरीचं अंग! शहाण्या माणसाला कळायला नको?

"करणी करतोय मेला!" अंबुबाईनं ताट उचललं. "चला गं! असल्या घरची पोर आमाला नगं."

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं नाही.

"दादा, जा रे, समजावून सांग त्यांना," रतनबाईनं पाय धरले. पण साहेबांच्या हाताखालच्या माणसाला मांत्रिक म्हटलं होतं ना! "अडाण्यांपुढं कोण डोकं फोडणार?" म्हणून तो कामावर निघून गेला. राग उतरायला आठ दिवस लागले. मग सोड्याची पुडी घेऊन तो दिघीला गेला आणि मुलाचे वडील आबाजी यांच्यापुढं सगळं करून दाखवलं.

आबाजींनी शांतपणे पाहिलं. "म्हंजे चुन्यानं हळदीचं कुंकू करत्यात, तसंच की हे!"

"व्हय, तसंच."

"मग पोरीच्या अंगावर कुंकू उमटलं, एवढंच बोलायचं हुतं, पाव्हणं. अंबुबाईनं ओटी भरली असती. आता काय? काल दुसरीकडं सुपारी फुटली."

कौशल्येला पुढं दोन मुलांच्या बिजवराला दिली. मामा आला की ती वाकून नमस्कार करी, चहा देई. त्या दिवसाबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नाही. एकदा तोंड भरून शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सयाजी म्हातारपणी म्हणायचा.